व्यवहार-विवेक : चित्राखालची बारीक ओळ



गेल्या मे महिन्यातील गोष्ट आहे. वह्या व शालेय साहित्याचा ठोक व्यापार करणारे माझे धाकटे चुलत बंधू एके सकाळी, ऐन दुकान उघडण्याच्या वेळी, माझ्याकडे आले. हातात एक कोरी वही होती. मुखपृष्ठावर डोंगरामागून उगवणारा सूर्य, ओढ्यावरचा लाकडी पूल आणि पुलावर उभी असलेली एक लहान मुलगी असे मोठे प्रसन्न चित्र होते. "दादा, चित्र कसे वाटते?" असे त्यांनी विचारले. मी मनापासून दाद दिली. त्यावर ते खुर्चीत बसत म्हणाले, "ज्याने काढले आहे त्याचा ईमेल आला आहे. बारा हजार वह्या गोदामात पडून आहेत, शाळा उघडायला महिनाही राहिलेला नाही, आणि हा मनुष्य म्हणतो, हे चित्र आमचे आहे."

ईमेल मी दोनदा वाचला. लिहिणारा युरोपातील एक चित्रकार होता. बंधूंनी नव्या हंगामाच्या वह्यांची छायाचित्रे दुकानाच्या इंटरनेटवरील पानावर टाकली होती. ती त्याच्या पाहण्यात आली होती. मजकूर अतिशय सौम्य होता. भारतातील मुले आपल्या चित्राच्या वहीत लिहिणार याचा त्याला आनंद झाला होता. मात्र वहीवर आपले नाव नाही, परवान्याचा उल्लेख नाही, आणि कोपऱ्यातील आपली सही कापलेली दिसते, एवढे त्याने निदर्शनास आणले होते व दुरुस्तीची विनंती केली होती. पैशाचा शब्दही पत्रात नव्हता.

बंधूंचे म्हणणे असे, की डीटीपीवाल्याने 'इंटरनेटवरचे फुकटचे चित्र आहे, निर्धास्त वापरा' असे सांगितले होते. त्यांच्या चिरंजीवांचे मत पडले, की उत्तरच देऊ नये. एवढ्या लांबून कोण येणार आहे? वहिनींचे मत याच्या अगदी उलट, की सगळी कव्हरे फाडून नवी चढवावीत, पण नावाला डाग नको. पहिल्या मार्गाने गेलो तर अब्रूचा प्रश्न, दुसऱ्याने गेलो तर हंगामाच्या नफ्याचा. बँकेत सदतीस वर्षे दुसऱ्यांची कागदपत्रे वाचण्यात गेली असल्यामुळे मी म्हटले, "आधी त्याने काय लिहून दिले आहे ते वाचू या." आणि आम्ही चित्राच्या मूळ पानावर गेलो. चित्राखाली बारीक अक्षरात एक ओळ होती. ती ओळ बंधूंनी वाचली नव्हती, डीटीपीवाल्यानेही वाचली नव्हती. आजचा लेख त्या ओळीविषयी आहे.

आपल्यापैकी ज्यांनी घर किंवा गाळा भाड्याने दिला आहे, त्यांना 'लिव्ह अँड लायसन्स' करार ठाऊक आहे. त्यात घराची मालकी मालकाकडेच राहते. समोरच्याला ठराविक अटींवर वापराची परवानगी मिळते. उद्या एखाद्या सज्जनाने 'भाडे नको, राहा' असे म्हटले, तरी तेवढ्याने घर राहणाऱ्याचे होत नाही, आणि 'भिंत पाडू नये' ही अटही रद्द होत नाही. चित्राचे अगदी असेच आहे. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार चित्र काढल्या क्षणी त्याचा हक्क चित्रकाराकडे येतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात वर्तुळातले इंग्रजी अक्षर लागत नाही. हा हक्क चित्रकाराच्या हयातभर आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. परदेशी चित्रकारांच्या कृतींनाही आंतरराष्ट्रीय करारामुळे आपल्याकडे संरक्षण मिळते. तेव्हा इंटरनेटवर दिसणारे प्रत्येक चित्र कोणाच्या तरी मालकीचे आहे असे धरून चालावे, आणि त्याच्या वापराची परवानगी कोणत्या अटींवर आहे ते शोधावे.

ही परवानगी अनोळखी लोकांना, सरसकट, आगाऊ देऊन ठेवण्याची पद्धत संगणकाच्या जगातून आली. मुक्त सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या मंडळींनी आपल्या कार्यक्रमांची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली, आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये त्यासाठी 'जीपीएल' नावाचा परवाना लिहिला. वापरा, बदला, वाटा, विकासुद्धा. मात्र पुढच्याला देताना त्यालाही हेच अधिकार द्या, असे त्याचे सार आहे. घरोघरच्या विरजणाशी मी त्याची तुलना करतो. शेजारणीने विरजण दिले, तर आपल्या घरच्या दह्यातून दुसरीला विरजण देताना आपण हात आखडता घेत नाही. फरक एवढाच, की इथे ती रीत कागदावर बंधनकारक केली आहे.

पण सॉफ्टवेअरला चित्रेही लागतात. पडद्यावरची चिन्हे, पार्श्वभूमीची निसर्गचित्रे, खेळांतील पात्रे, बोधचिन्हे हे सर्व कोणीतरी काढावेच लागते. लिनक्स या प्रसिद्ध मुक्त प्रणालीचा गुबगुबीत पेंग्विन आपल्या मुलानातवंडांनी पाहिला असेल. तो लॅरी यूइंग यांनी १९९६ मध्ये 'गिम्प' या मुक्त चित्रप्रणालीवर काढला. त्यांची अट मोठी गमतीची होती. चित्र वापरा, बदला; फक्त कोणी विचारलेच तर माझे आणि गिम्पचे नाव सांगा. एका वाक्यात संपलेला हा परवाना जवळपास तीन दशके जगभर पाळला जात आहे.

सर्वांना मात्र असे एका वाक्यात भागवता येत नव्हते. सॉफ्टवेअरचा परवाना चित्राला लावावा, तर त्यात 'मूळ संहिता द्या' अशी अट असते. चित्राची मूळ संहिता म्हणजे काय? रंगांचे थर वेगवेगळे ठेवलेली फाईल? आणि चित्र कागदावर छापले, तर ती फाईल ग्राहकाच्या हाती कशी द्यायची? ही अडचण ओळखून अमेरिकेतील कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'क्रिएटिव्ह कॉमन्स' ही संस्था स्थापन केली आणि डिसेंबर २००२ मध्ये चित्रे, लेखन, संगीत यांच्यासाठी तयार परवाने प्रसिद्ध केले. २०१३ मध्ये त्यांची चौथी आवृत्ती आली. आज तीच रूढ आहे.

या परवान्यांत अटी फक्त चार आहेत. पहिली, 'बाय' : कर्त्याचे नाव द्या. दुसरी, 'एसए' : चित्रात बदल करून वाटले, तर बदललेले चित्रही त्याच परवान्याखाली द्या. तिसरी, 'एनसी' : व्यापारी लाभासाठी वापरू नका. चौथी, 'एनडी' : बदललेले रूप वाटू नका. यांच्या जुळणीतून सहा परवाने होतात. सहाही परवान्यांत कर्त्याचे नाव देणे समान आहे. याशिवाय 'सीसी झिरो' नावाचे एक साधन २००९ पासून आहे. त्यात चित्रकार कायद्याने सोडता येतील तेवढे सर्व हक्क सोडून देतो, नावाचीही अपेक्षा ठेवत नाही. बँकेतील जुन्या मंडळींना हे पटकन कळेल. धनादेशावर दोन तिरप्या रेघा आणि दोन-तीन शब्द यांनी त्या कागदाने काय करता येते ते सारे बदलते. चित्राखालच्या या अक्षरांचे वजन तेवढेच आहे.

बंधूंच्या चित्राखाली 'सीसी बाय-एसए ४.०' असे होते. म्हणजे वहीवर छापणे, वही विकणे, नफा कमावणे यांपैकी कशालाही मनाई नव्हती. हे ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला. मनाई नसली तरी तीन गोष्टी करणे आवश्यक होते. चित्रकाराचे नाव व मूळ चित्राचा पत्ता देणे, परवान्याचे नाव व त्याच्या मजकुराचा दुवा देणे, आणि चित्रात बदल केला असल्यास तसे सांगणे. आमच्याकडे तिन्ही राहिले होते. शिवाय डीटीपीवाल्याने आकाशाचा रंग बदलून सही कापली होती.

परवान्याच्या मजकुरात पुढे एक कलम सापडले, त्याने मार्ग दाखवला. अट मोडली की परवानगी आपोआप संपते; परंतु उल्लंघन लक्षात आल्यापासून तीस दिवसांत ते दुरुस्त केले, तर परवानगी आपोआप पुन्हा सुरू होते. झालेल्या चुकीबद्दल दाद मागण्याचा चित्रकाराचा हक्क मात्र त्यामुळे जात नाही. ही सवड चौथ्या आवृत्तीत आली. त्याआधीच्या आवृत्त्यांत ती नाही, म्हणून परवान्यापुढचा आकडाही वाचावा लागतो. आम्ही त्याच दिवशी चित्रकाराला क्षमायाचनेचे उत्तर लिहिले. मागील कव्हरच्या आतल्या बाजूस लावण्यासाठी एक लेबल छापून घेतले : चित्रकाराचे नाव, चित्राचा पत्ता, परवाना, आणि 'मूळ चित्रात रंग व कडा बदलल्या आहेत' एवढे शब्द. दुकानातील मुलांनी आणि घरच्या मंडळींनी मिळून बारा हजार लेबले पाच दिवसांत चिकटवली. लेबलाच्या छपाईचा खर्च एका वहीमागे काही पैशांचा होता; पाच दिवसांच्या श्रमाचा हिशेब कोणी केला नाही. चित्रकाराचे आभाराचे पत्र आले, आणि नमुन्याच्या दोन वह्या त्याला पाठवल्या.

एक गोष्ट मात्र बंधूंना रुचली नाही. "म्हणजे शेजारचा व्यापारीही हेच चित्र, आम्ही रंग बदललेल्या रूपात, आपल्या वहीवर छापू शकेल?" होय, छापू शकेल. 'एसए' या अटीचा अर्थच तो आहे. मात्र त्याला आपले दुकानाचे नाव आणि व्यापारचिन्ह वापरता येणार नाही. ते या परवान्यात येत नाहीत. आणि संपूर्ण वही त्या परवान्याखाली जात नाही. या मुद्द्यावर अमेरिकेत एक खटला झाला आहे. एका छायाचित्रकाराचे 'बाय-एसए' परवान्याखालील छायाचित्र एका नकाशा-प्रकाशकाने मेरीलँडमधील एका परगण्याच्या नकाशासंग्रहावर मुखपृष्ठ म्हणून छापले. छायाचित्रकाराचे म्हणणे पडले, की आता संपूर्ण संग्रह याच परवान्याखाली खुला केला पाहिजे. २०१५ मध्ये न्यायालयाने ते मान्य केले नाही. प्रकाशकाने मागील पानावर नाव व परवाना दिला होता, तेही पुरेसे मानले गेले. प्रकाशक वाचला तो त्या एका ओळीमुळे, हे लक्षात घ्यावे.

'एवढ्या लांबून कोण येणार' या चिरंजीवांच्या प्रश्नाचेही उत्तर द्यायला हवे. फुकट दिलेल्या वस्तूच्या अटी न्यायालय मानते का, अशी शंका पुष्कळ काळ होती. खेळण्यातील आगगाड्या चालवण्याच्या एका मुक्त सॉफ्टवेअरवरून अमेरिकेत वाद झाला. एका व्यापारी कंपनीने त्यातील भाग कर्त्यांची नावे न देता वापरले. २००८ मध्ये तेथील अपील न्यायालयाने असे ठरवले, की पैसे न घेता दिलेल्या परवान्याच्या अटीही खऱ्या अटी आहेत, आणि त्या मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. नाव मिळणे, आपल्या कामाची ओळख टिकणे, यालाही आर्थिक मूल्य आहे हे न्यायालयाने मान्य केले. परदेशी निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. पण आपला कायदा या बाबतीत सैल आहे असे कोणी समजू नये. आपल्या कायद्याचे ५७ वे कलम कर्त्याला आपल्या कृतीवर स्वतःचे नाव सांगण्याचा आणि तिची मोडतोड रोखण्याचा विशेष हक्क देते. कृती विकल्यानंतरही तो राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प सरकारने काढून टाकले व त्याची हानी झाली, तेव्हा २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्प परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. शिल्प सरकारने पैसे देऊन घेतले होते, तरीही. सही कापणे ही किरकोळ बाब नव्हे, हे यावरून दिसेल.

आता व्यापारी वाचकांना विशेष वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळींविषयी आपला समज असा असतो, की ही व्यापाराला नाक मुरडणारी माणसे असावीत. प्रत्यक्षात 'व्यापारासाठी वापरू नका' अशी अट असलेले चित्र ही मंडळी मुक्त मानतच नाहीत. 'डेबियन' ही लिनक्सची जुनी व नामांकित आवृत्ती असे चित्र आपल्या मुख्य संग्रहात घेत नाही. विकिपीडियाचे चित्रभांडार असलेले 'विकिमीडिया कॉमन्स' तेही घेत नाही. कोणी कशासाठी वापरावे यावर बंधन नसावे, त्यात दुकानदारही आला, असे त्यांचे तत्त्व आहे. 'ब्लेंडर' या त्रिमितीय चित्रप्रणालीचे उदाहरण पाहा. मूळ कंपनी बंद पडल्यावर २००२ मध्ये लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले, तिची संहिता सोडवून घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. पुढे त्याच संस्थेने २००६ पासून लघुचित्रपट काढले आणि ते केवळ नाव देण्याच्या अटीवर जगाला दिले. फ्रेंच चित्रकार डेव्हिड रेव्हॉय यांची 'पेपर अँड कॅरट' ही चित्रकथामालिका २०१४ पासून याच अटीवर प्रसिद्ध होते. एका मोठ्या फ्रेंच प्रकाशनसंस्थेने ती पुस्तकरूपाने छापून विकली, आणि रेव्हॉय यांचा चरितार्थ मुख्यतः वाचकांच्या स्वेच्छेच्या आश्रयावर चालतो. दान आणि दुकान एकाच घरात सुखाने नांदतात, हे आपल्या समाजाला नवे नाही.

व्यापारचिन्हाची गोष्ट मात्र वेगळी ठेवली जाते. 'फायरफॉक्स' हा प्रसिद्ध ब्राउझर मुक्त असला, तरी त्याच्या बोधचिन्हाच्या अटी डेबियनच्या नियमांत बसत नव्हत्या. डेबियनने चिन्ह वगळले, तर मूळ संस्थेने २००६ मध्ये सांगितले, की चिन्ह नाही तर नावही वापरू नका. परिणामी डेबियनमध्ये तो ब्राउझर 'आइसवीझल' या नावाने दहा वर्षे वावरला. २०१६ मध्ये समेट होऊन मूळ नाव परत आले. आपल्यासाठी बोध असा, की एखादे सॉफ्टवेअर मुक्त आहे म्हणून त्याचे बोधचिन्ह आपल्या पाटीवर लावण्याची मुभा आपोआप मिळत नाही.

हे सारे घेणाऱ्याच्या बाजूने झाले. देणाऱ्याची बाजू माझ्यासमोर घरातूनच आली. माझी नात पुण्यात उपयोजित कला शिकते. एका मुक्त संगणकप्रणालीच्या नव्या आवृत्तीसाठी पार्श्वभूमीची चित्रे मागवली होती, आणि तिला आपले 'पावसाळी घाट' हे चित्र पाठवायचे होते. अट 'बाय-एसए ४.०'. त्याच सुमारास आमच्या परिचयातील एका साडी-व्यापाऱ्यांनी तेच चित्र पाहिले आणि आपल्या खोक्यांसाठी मागितले. पंधरा हजार रुपये देऊ केले. अट एकच, की हे चित्र दुसऱ्या कोणाच्याही मालावर दिसता कामा नये. माझे चिरंजीव म्हणाले, "पैसे मिळत असताना फुकट कशाला वाटायचे?" नात म्हणाली, "आजोबा, मी ही सगळी चित्रकला त्या लोकांनी दिलेल्या सॉफ्टवेअरवर शिकले. तुम्ही सांगा."

मी सल्ला देण्याऐवजी तिला चार गोष्टी समजावल्या. पहिली, असा परवाना दिल्याने तुझा मूळ हक्क जात नाही. हेच चित्र तू छापून विकू शकतेस, आणि ज्याला 'एसए'ची अट नको असेल त्याच्याशी पैसे घेऊन वेगळा करारही करू शकतेस. दुसरी, परवाना दिल्यावर तो परत घेता येत नाही. चित्र तू आपल्या पानावरून काढलेस, तरी ज्यांनी घेतले त्यांचा अधिकार कायम राहतो. तिसरी, चित्र एकदा सर्वांना मोकळे केल्यावर 'फक्त तुम्हालाच' असे वचन साडीवाल्या काकांना देता येणार नाही, आणि दिले तर ती फसवणूक होईल. चौथी, त्यांना हक्क द्यायचाच ठरला, तर करार लेखी कर आणि त्यात मुदत व प्रदेश लिही. आपल्या कायद्याप्रमाणे हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत.

तिने दोन दिवस विचार केला. मग साडीवाल्या काकांना स्वतः फोन करून सांगितले, की हे चित्र मी सर्वांसाठी देणार आहे, तुमच्यासाठी दुसरे नवे काढून देते. ते थोडे नाराज झाले. घाटाचेच चित्र त्यांच्या मनात भरले होते. नव्या चित्राला त्यांनी बारा हजार दिले. घाटाचे चित्र स्पर्धेत निवडले गेले नाही. तीन हजार रुपयांचा तोटा झाला, असे चिरंजीव अजून अधूनमधून म्हणतात. नात काही बोलत नाही. मात्र गेल्या महिन्यात तिने मोबाईलवर एक छायाचित्र दाखवले. दूरच्या कुठल्या तरी देशातील एका शाळेने तिचे चित्र आपल्या संगणकांच्या पडद्यावर लावले होते आणि खाली तिचे नाव होते.

एक लहानशी पण उपयोगी माहिती अक्षरांविषयी. आपल्या निमंत्रणपत्रिका, लेबले, पाट्या ज्या देवनागरी अक्षरांत छापल्या जातात, त्या अक्षरवळणांनाही परवाना असतो. 'मुक्त', 'बलू' ही मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेची वळणे 'ओपन फॉन्ट लायसन्स' या परवान्याखाली खुली आहेत. ती आपल्या मालाच्या वेष्टनावर निःशंक वापरावीत. त्यासाठी वेष्टनावर नाव छापण्याचीही गरज नाही. केवळ ती अक्षरवळणे एकटी, सुटी विकू नयेत, एवढे पथ्य आहे. डीटीपीवाल्याकडे चोरीची अक्षरवळणे असतील, तर त्याला हा पर्याय आवर्जून सुचवावा.

घरातील कामकाजासाठी माझा आग्रह पुढीलप्रमाणे. छपाईला देण्यापूर्वी डीटीपीवाल्याकडून प्रत्येक चित्राचा पत्ता, कर्त्याचे नाव आणि परवाना लिहून घ्यावा, आणि त्या दिवशी ते पान जसे दिसत होते त्याची छापील प्रत बिलाच्या फाईलला जोडावी. परवाना दिसत नसेल तर चित्र घेऊ नये. 'एनसी' असेल तर मालावर वापरू नये. 'एनडी' असेल तर रंगाला व कडांना हात लावू नये. 'एसए' असेल तर शेजाऱ्याच्या मालावर तेच चित्र दिसण्याची तयारी ठेवावी. चित्रात ओळखू येणारी व्यक्ती असेल, तर चित्रकाराच्या परवान्याखेरीज त्या व्यक्तीची संमती वेगळी घ्यावी. ती या परवान्यांत येत नाही. आणि शंका असेल तेथे कर्त्याला दोन ओळींचे पत्र लिहावे. बहुतेक चित्रकार आनंदाने उत्तर देतात.

आपल्याकडे चोरीला 'अदत्तादान' म्हणतात. म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. लहानपणापासून हा शब्द ऐकत आलो, पण तो मी कायम तिजोरी, वजनमाप आणि व्याजाच्या संदर्भात समजत होतो. ज्याने चित्र दिले पण नावासह दिले, त्याचे नाव वगळून घेणे म्हणजे न दिलेला भाग घेणेच आहे, हे बंधूंच्या वह्यांमुळे प्रथम लक्षात आले.

आणि येथे मला स्वतःविषयी सांगितले पाहिजे. वह्यांची लेबले लावून झाल्यावर, आपण बंधूंना एवढे शहाणपण शिकवले या समाधानात मी होतो. त्याच रात्री मला तीन वर्षांपूर्वीची आमच्या मंडळाची स्मरणिका आठवली. संपादक मीच होतो. मुखपृष्ठावरील कमळांचे चित्र मीच इंटरनेटवरून निवडले होते. कपाटातून प्रत काढली, चित्राचा माग काढला. परवाना 'बाय-एनसी' निघाला. स्मरणिकेत नाव नव्हते, आणि आत चव्वेचाळीस पाने पैसे घेऊन छापलेल्या जाहिराती होत्या. मंडळ धर्मादाय असले, तरी परवाना वापरणारा कोण हे पाहत नाही, वापर कशासाठी झाला हे पाहतो. आमचा वापर त्या अटीत बसतो असे मी कोणालाही शपथेवर सांगू शकणार नाही.

चित्र काढणाऱ्या बाईंना मी पत्र लिहिले आहे. चूक कबूल केली आहे आणि योग्य ते मानधन विचारले आहे. मंडळाने नाही म्हटले तर ते मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. उत्तर अद्याप आलेले नाही. उरलेल्या प्रतींचे वाटप थांबवण्यास कार्यालयाला सांगितले आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी ती स्मरणिका असेल, तर कृपया तिच्या मुखपृष्ठाचे छायाचित्र पुढे कोणाला पाठवू नये, ही विनंती. उत्तर आले की याच सदरात कळवीन.